तुळजाचे ओठ

भिवंडीत रघुनाथ भोईरला सगळे ‘पिक्चरवाला रघू’ म्हणायचे. मुंबईच्या स्टुडिओत कॅमेरे उचलता उचलता तो धंदा शिकला, आणि निवडणूक लागली की पुढाऱ्यांना त्याची आठवण यायला लागली. पाच-सात मिनिटांची प्रचाराची फिल्म, जीपमध्ये प्रोजेक्टर, दोन बांबूंना ताणलेली चादर आणि चौकात फुकट खेळ. फिल्ममध्ये नळाला धो धो पाणी असायचं. ते कुठून आणलं, हे विचारायचं नाही! माणूस तसा वाईट नव्हता हो, पण एकदा होकार द्यायची सवय लागली की तोंडातून नाही म्हणून निघतच नाही.

अठ्ठ्याहत्तर साली दाजीशेठ उभा राहिला. कामतघरला त्याचे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग. त्यातल्याच एका लूमच्या उघड्या पट्ट्यात चिंधू नावाचा कामगार ओढला गेला आणि जागच्या जागी गेला. पट्ट्याला जाळी नव्हती. शेठनं उठवून दिलं, चिंधू ड्युटीवर पिऊन आला होता. मेलेला माणूस काय उलटून बोलणार? चाळीत चिंधूच्या पोरांना ‘बेवड्याची पोरं’ म्हणायला लागले, आणि त्याची बायको तुळजा दारोदार सांगून थकली.

शेठनं रघूला बोलावून घेतलं. “चिंधू पिऊन होता, हे त्याच्या बाईच्याच तोंडून वदवून घे. मग बघतो कोण तोंड उघडतो ते. नीट झालं तर पुढल्या खेपेला अख्ख्या जिल्ह्याचं काम तुझं.”

रघू तुळजाकडे गेला. कुणाची फिल्म ते बोललाच नाही. “वहिनी, तुमचं म्हणणं लोकांपुढे मांडायचंय.”

“माझा माणूस पीत नव्हता. एवढंच सांगायचं हाय,” ती म्हणाली. “लोकांना ऐकू जाईल ना?”

“शब्दन् शब्द.”

बिचारी धुतलेलं लुगडं नेसून बसली. कॅमेऱ्यात बघून, मान हलवून हलवून बोलली. कॅमेरा मुका होता, आवाज मागाहून मुंबईत भरायचा असतो, हे तिला कोण सांगणार?

आता इथं रघूची खरी हुशारी. लूमच्या खडखडाटात कानाचा उपयोग नसतो, तिथं माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात. रघूचा बाप महादू निजामपुऱ्यात लूम चालवून चालवून ठार बहिरा झालेला, त्यामुळे रघू लहानपणापासून ओठ वाचत मोठा झाला. दुसऱ्या कुठल्या गावात काहीही आवाज भरला तरी खपलं असतं, पण कामतघरचे लोक लगेच पकडतील, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो तुळजाचे ओठ पुन्हा पुन्हा बघत बसला, कुठे मिटतात, कुठे उघडतात, आणि त्यावर बेतून नवे शब्द लिहिले. नाटकातल्या एका बाईनं ते हुंदका देऊन म्हटले, “माझा माणूस पिऊनच व्हता.” स्टुडिओतल्यांनी वाहवा केली. लाज वाटायला हवी होती मेल्याला! त्याची तर छाती फुगली.

खेळ कामतघरच्या मैदानात लागला. रघूनं बापाला मुद्दाम आणून जीपजवळ खुर्चीत बसवलं. मग समोर बघितलं. पहिल्याच रांगेत तुळजा बसली होती. शेजारीपाजारी, पोरं, चिंधूची आई ठमाबाई, सगळ्यांना ती घेऊन आली होती. आज ऐकाच म्हणून.

फिल्म बंद करता आली असती. एका बटणाचं तर काम.

पडद्यावर तिचं तोंड आलं आणि भोंग्यातून ते शब्द आले. तुळजा ताडकन उठली आणि लोकांकडे वळून ओरडायला लागली. भोंग्यापुढे तिचं कुणाला ऐकू येणार? ओठ वाचणारी माणसं तर सगळी पडद्याकडे बघत होती. एकट्या रघूनं तिच्याकडे बघितलं, आणि लांबूनही त्याला स्पष्ट कळलं. ‘मी असं बोलले न्हाय. माझा माणूस पीत नव्हता.’

“आवाज वाढव,” शेठचा माणूस म्हणाला.

रघूनं आवाज वाढवला.

फिल्म संपली तेव्हा ठमाबाई नातवाचा हात धरून उभी होती.

“आत्या, तो आवाज माझा न्हाय हो!” तुळजा तिच्या पाया पडायला वाकली.

“तोंड तर तुझंच हाय ना? माझ्या मेल्या पोराला बेवडा म्हणलीस.” म्हातारी पोरांना ओढत निघून गेली. मग शेजारीही एकेक करून उठले. तुळजाजवळ कुणी थांबलं नाही.

चादर उतरवून झाल्यावर रघू बापाला घेऊन घरी निघाला. म्हातारा खुशीत होता. खेळभर त्यानं पडद्यावरून नजर हलवली नव्हती. दिव्याच्या खांबाखाली थांबून त्यानं रघूच्या पाठीवर थाप मारली.

“नाव काढलंस रं! मला वाटलं, शेठची टिमकी वाजवशील. पण तू खरं ते दाखवलंस. काय ठासून सांगितलं पोरीनं, मान हलवून! माझा माणूस पीत नव्हता म्हणून. आता कुणाची छाती हाय तिला बोलायची? उद्या जातो तिच्याकडं. सांगतो, तो माझा पोरगा.”

रघू दिव्याकडे पाठ करून काहीतरी पुटपुटला.

“काय म्हणलास?” म्हाताऱ्यानं त्याचा दंड धरून त्याला आपल्याकडे वळवलं. “उजेडात बोल. दिसू दे मला.”