धावडबारी

"हाऊ घाट कोनी लिखा, साहेब?"

सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेल्या नवलने टेबलावर ठेवलेलं पत्र रतिलालने चष्मा वर सरकवून वाचलं. 'नकाशानुसार सदर गावास घाटरस्ता उपलब्ध असल्याने नवीन रस्त्याची मागणी निकाली काढण्यात येत आहे.' तीन वर्षांतलं हे तिसरं पत्र, आणि तिन्हींचा मजकूर एकच.

"आमना गावले घाट शे म्हणतस. कोठे शे घाट? बारी शे ती. पायखाल दगडच दगड. तठून गाडी कशी काय ई?"

जळगावच्या त्या कचेरीत रतिलाल चौतीस वर्षं ट्रेसर होता. साहेबांनी आखलेलं तेलकट कापडावर शाईने गिरवायचं, एवढंच काम. त्याचं अक्षर इतकं देखणं होतं, की बदलून आलेला प्रत्येक साहेब त्याच्यासाठी चहा मागवायचा. निवृत्तीला चौदा दिवस उरले होते. त्याचे गुडघे बोलत होते, डोळे पाणावत होते, आणि नवं काही अंगावर घ्यायची त्याला बिलकूल हौस नव्हती.

तरी त्याने चोपड्याच्या बाजूचा नकाशा काढला. सातपुड्याच्या काळ्या रेघांमध्ये सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'धावडघाट'. खाली कोपऱ्यात बारीक सही, र. ला., १९७४.

त्याला ती दुपार लख्ख आठवली. मोजणीवाल्यांच्या वहीत 'धावडबारी' असं होतं. तेव्हाचे साहेब पुण्याकडचे. ते म्हणाले, "बारी हा काय शब्द झाला? पुस्तकात खिंड असते, घाट असतो. घाट लिही, शोभून दिसेल." रतिलालचा बाप भडगावचा गाडीवान. गाडी चढते तो घाट, आणि माणूस एकामागे एक चालतो ती बारी, हे त्याला बारशापासून माहीत. तरी त्याने घाट लिहिला. शोभूनही दिसला.

"बघतो," तो नवलला म्हणाला. कचेरीतला हा शब्द म्हणजे बहुधा नाहीच असतं.

नवल हलला नाही. "बघाले चाला ना मंग. एक डाव चाला, नाना."

साहेबाचा नाना झाल्यावर माणसाची पंचाईत होते. रविवारी पहाटेच्या एस.टी.ने रतिलाल नवलबरोबर चोपड्याला उतरला. पुढे एका ट्रॅक्टरवर बसून केळीचे मळे मागे टाकले आणि मग चालणं सुरू झालं. तासाभरात त्याला धाप लागली. वाट कसली, ओढ्याचं कोरडं पात्र होतं ते! दोन्ही बाजूंना कातळ, मधे जेमतेम खांद्याएवढी जागा. नवल पुढे, हा मागे. चौतीस वर्षांत त्याने सातपुडा शेकडो वेळा गिरवला होता, पण पायाखाली आजच घेतला.

माथ्यावर दगडांची कमरेएवढी रास होती. बारी ओलांडणाऱ्याने एक दगड ठेवूनच पुढे जायचं, अशी रीत. नवलने वाकून एक उचलला आणि ठेवला.

"रेशमा आठेच मरी गयी," तो म्हणाला. रेशमा त्याची बायको. "श्रावणमा. पोर आडवं व्हतं. झोळीमा टाकीसन चार जण लई चालनूत. आठे झोळी आडवी जाये ना. उभी करी, तं ती आरडनी. मंग उगी व्हयनी."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तेच रतिलालला सोसेना. शिवी दिली असती तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. तो राशीजवळ बसला.

"बारीच शे ही," तो म्हणाला. चौतीस वर्षं कचेरीची भाषा बोलणाऱ्या त्याच्या तोंडून भडगावची बोली आपसूक निघाली. मग त्याने दगड उचलला आणि राशीवर ठेवला.

सोमवारी त्याने साहेबांपुढे टिपण ठेवलं. 'मोजणीच्या वहीत बारी असताना मी नकाशात घाट लिहिले. तेथे गाडीरस्ता नाही. चूक माझी आहे.'

साहेब तरुण होता, स्वभावाने वाईट नव्हता. "रतिलालजी, दहा दिवस राहिलेत. कशाला ओढवून घेता? आणि तेव्हाच्या साहेबांनी सांगितलं म्हणून लिहिलं ना? मग तसं तरी लिहा."

"ते वारले, साहेब. आणि बारी म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

साहेबाने टिपणावर सही केली.

रतिलालने कापड काचेवर पसरलं आणि नवं ब्लेड काढलं. शाई खरवडायची तर हात हलका लागतो. जोर झाला की कापडाला भोक पडतं. दोन अक्षरं खरवडायला त्याला अख्खी दुपार लागली. मग त्याने तिथे 'बारी' लिहिलं आणि खाली बारीक अक्षरात, 'पायवाट'. डोळे साथ देत नव्हते. अक्षर थोडं वाकडं आलं. ते त्याने तसंच राहू दिलं.

चौकशी लागली. ती संपेपर्यंत निरोपसमारंभ करू नये, असं वरून आलं. शाल-नारळ कपाटातच राहिले. शेवटच्या दिवशी नवल आला, तेव्हा रतिलाल ड्रॉवर रिकामा करत होता. त्याने नव्या नकाशाची प्रत त्याच्यापुढे उलगडली. प्रत काढतानाचा अमोनियाचा वास अजून गेला नव्हता.

"आते रस्ता व्हई?" नवलने विचारलं.

"ते माले माहीत नही. पण रस्ता शे म्हणीसन तुले आते कोनी परत धाडाव नही."

नवलला वाचता येत नव्हतं. रतिलालने त्याचं बोट धरून गावावर ठेवलं. "हाई तुमनं गाव. आनि हाई चोपडा, दवाखाना. मधमा हाई बारी."

नवलने दोन्हींकडे पाहिलं. मधलं अंतर त्याने अंगठा आणि करंगळी ताणून मोजलं.

"वीतभर शे," तो म्हणाला. "आमले पाच तास लागतस."

मग त्याने बोट पुन्हा गावावर ठेवलं आणि हळूहळू खाली आणलं. 'बारी'वर, जिथे खरवडल्याचा डाग प्रतीवरही उठला होता तिथे, ते थांबलं. कचेरी बंद व्हायची वेळ झाली होती. शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा होता. रतिलालने हाताने त्याला थांबायला सांगितलं, आणि नवलचं बोट पुढे सरकेपर्यंत तो स्वतः टेबलाशी उभा राहिला.