मी पहिल्या नंबरची वेबसाइट

मी एक वेबसाइट बोलतेय. कुणाची, ते सांगणार नाही. नाव सांगितलं की तुम्ही ते टाकून मला शोधाल, मी चटकन सापडेन आणि तुम्हाला वाटेल, किती सोपं आहे. या सोपेपणानंच आमचा घात केला होता. शिवाय तुम्ही कोण, हे तरी मला कुठं ठाऊक आहे?

स्वभावानं मी संशयी आहे, आधीच सांगते. दार सताड उघडं टाकून बसायचं, येईल त्याला आत घ्यायचं आणि कुणाला एक शब्द विचारायचा नाही, असा जन्म मिळाला की कुणीही संशयी होईल. माझ्याकडे माणसं येतात तशी यंत्रंही येतात. शोधयंत्राचा एक हेर तर वेळीअवेळी येतो, सगळी पानं चाळतो आणि काही न बोलता निघून जातो. तो गेला की सगळं जागच्या जागी आहे ना, ते मी बघून घेते.

माझा जन्म सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात झाला. मालक सिद्धारामअप्पा. त्यांच्या मुलानं, नंदीशनं, मला घडवलं. मागांच्या खडखडाटानं ऑफिसचं टेबल थरथरायचं आणि त्याच टेबलावरच्या लॅपटॉपवर मी दिवसभर उघडी असायचे. त्यामुळे घरातलं, कारखान्यातलं सगळं माझ्या कानावर पडायचं. नंदीशनं टॉवेलांचे फोटो काढले. मल्लेश नावाच्या जुन्या कामगाराला नवा शर्ट घालून मागाशेजारी उभं केलं. असला शर्ट घालून मल्लेशनं जन्मात माग चालवला नव्हता. मला ते तेव्हाच खटकलं.

मला घडवायची गरज का पडली, तेही सांगते. इतकी वर्षं एकच व्यापारी अप्पांचा सगळा माल उचलायचा आणि स्वतःची चिठ्ठी लावून विकायचा. त्याला दुसरीकडे स्वस्त माल मिळाला आणि त्यानं हात आखडता घेतला. मल्लेशचे दोन माग बंद पडले. त्यांच्यावर ताडपत्री आली आणि मल्लेश गठ्ठे बांधायला लागला. अप्पा म्हणाले, दसऱ्यापर्यंत बघू. या वेबसाइटवरून आपली स्वतःची गिऱ्हाइकं आली तर ठीक, नाहीतर दोन्ही माग भंगारात. म्हणजे दोन मागांचं आणि मल्लेशचं ओझं माझ्या गळ्यात पडलं, आणि माझ्याकडे तर कुत्रंही फिरकत नव्हतं.

मग नंदीशनं फोनवरून अनिमेषला गाठलं. कुणी काही शोधलं की यादीत वेबसाइट सगळ्यांत वर आणून देणं हा त्याचा धंदा. त्याचा आवाज इतका गोड होता की मी पहिल्याच दिवशी सावध झाले. तो म्हणाला, तुम्हाला पहिल्या नंबरला आणतो. त्यानं माझ्या प्रत्येक वाक्यात ‘सोलापुरी टॉवेल, बेस्ट सोलापुरी टॉवेल, स्वस्त सोलापुरी टॉवेल’ असं कोंबलं. उरलेलं पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं. म्हणजे माणसाला दिसायचं नाही, यंत्राला मात्र वाचता यायचं. विरळ कापडाला खळ लावून जाड दाखवतात ना, तशी मी झाले.

त्यानंतर एक विचित्र प्रकार सुरू झाला. रोज सकाळी ठरावीक वेळेला एक घोळका माझ्याकडे यायचा. सगळे एकाच भागातले. काही वाचायचे नाहीत, काही विचारायचे नाहीत, क्षणभर थांबून पसार. माझी खात्रीच झाली की हे चोर आहेत. कुणीतरी आमच्या टॉवेलांची नक्षी पळवायला माणसं पाठवतंय. मी एकेकाला निरखायला लागले. मग एके दिवशी मल्लेश ऑफिसच्या दारात आला.

“मालक, आज माजं दाबून झालं. च्या घ्यू का?”

तेव्हा मला उमगलं. अनिमेषनंच सांगितलं होतं, रोज सगळ्यांनी कारखान्याचं नाव टाकून वेबसाइट उघडायची. चहाच्या सुट्टीतलं ते एक कामच झालं होतं. माझे चोर घरचेच निघाले.

अप्पाही रोज आपल्या फोनवर कारखान्याचं नाव टाकायचे. मी पहिली यायचे. ते खूश व्हायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला फोन दाखवायचे. अनिमेष आलेख पाठवायचा, त्यातली रेघ वर चढत असायची. आमच्या नावानं शोधलं की आम्हीच सापडणार, दुसरं कोण सापडेल? पण ते नाव माहीत होतं कुणाला? आम्हालाच. मला हे सगळं कळत होतं आणि तोंड नव्हतं. फार घुसमट व्हायची.

श्रावणात अप्पांच्या पत्नी शिवबाई मैंदर्गीला माहेरी गेल्या. भाचीचं डोहाळजेवण होतं. तिला सजवायला गावातली एक पार्लरवाली आली होती. शिवबाईंनी तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, टॉवेल शोधून बघ, आमचंच नाव पहिलं येतंय. ती बिचारी शोधत राहिली. एक पान झालं, दुसरं झालं, पुढचीही झाली. मी कुठंच नव्हते.

शिवबाई परत आल्या त्या पिशवी हातात घेऊनच ऑफिसात शिरल्या.

“अवो, कुटं हाय तुमचा पैला नंबर? मैंदर्गीत दिसंना की.”

अप्पांनी फोन काढून दाखवला. शिवबाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“तुमचं नाव घालून तुमीच तुमाला हुडकताय. तिला तुमचं नाव कशाला ठावं असंल? तिला टॉवेल पायजे.”

नंदीशनं आईला हळूच विचारलं, “अव्वा, तिनं काय टाकलं होतं?”

“केसाचा रंग लागला तरी डाग दिसू ने असला टॉवेल. आन् तोंड पुसल्यावर त्येचं धागं चिकटू नेत.”

अप्पांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. मला त्यांचं वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. या घरात संशय घेणारी मी एकटी नव्हते.

अनिमेषचं काम थांबवलं. तो म्हणाला, पहिल्या नंबरला आणतो म्हणालो होतो, आणलंय. चीड याचीच येते की तो खोटं बोलत नव्हता. नंदीशनं पांढरी अक्षरं खरवडून काढली. अप्पांनी गडद तपकिरी रंगाचे, घट्ट विणीचे थोडे टॉवेल काढून घेतले. शिवबाईंनी त्यांना केसांचा रंग फासला, धुतले, वाळवले, पुन्हा फासले. नंदीशनं प्रत्येक धुण्यानंतर फोटो काढला आणि एक नवं पान लिहिलं. त्यात अप्पांनी हट्टानं एक ओळ घालायला लावली: पहिल्या धुण्यात या टॉवेलाचा रंग थोडा जातो, वेगळा धुवा.

मला हे अजिबात पटलं नाही. आपल्या मालाची खोट आपणच सांगायची? वाचणारा तिथूनच परत फिरेल, असं मला वाटलं.

चहाच्या वेळचा घोळकाही बंद झाला. आलेखातली रेघ खाली आली, जमिनीला टेकली. दिवसचे दिवस तो मुका हेर सोडला तर कुणी येईना. पूर्वीचे चोरच बरे होते, असं माझ्या मनात येऊन गेलं. अप्पांनी भंगारवाल्याला दसऱ्यानंतर यायला सांगितल्याचं मी ऐकलं.

खंडेनवमीला मागांची पूजा झाली. ताडपत्रीतल्या दोन मागांनाही हार घातले. शिवबाईंनी लॅपटॉपच्या झाकणावर विभूतीची तीन बोटं ओढली. नेमक्या त्याच वेळी कुणीतरी माझ्याकडे आलं. त्यानं आमचं नाव टाकलं नव्हतं. ‘पार्लरसाठी डाग न दिसणारा टॉवेल’ असं टाकलं होतं. मी लगेच सावध झाले. पाहुणा वरपासून खालपर्यंत वाचत गेला, रंग जातो त्या ओळीवर रेंगाळला आणि निघून गेला. मला वाटलंच होतं.

थोड्या वेळानं तो परत आला आणि त्यानं निरोप लिहिला. पाहुणा नव्हे, पाहुणी होती. नंदीशनं मोठ्यानं वाचलं: “रंग जातो हे तुम्ही आधीच सांगितलंत, म्हणून विचारते. मी आणि माझ्या मैत्रिणी पार्लर चालवतो. सगळ्यांना मिळून हवे आहेत. करून द्याल का?” खाली गाव लिहिलं होतं, माळशिरस.

अप्पांचा विश्वास बसेना. एव्हाना तेही माझ्यासारखेच झाले होते.

“माळशिरसला आपलं कोण हाय?” त्यांनी विचारलं.

नंदीश म्हणाला, मी कुणाला सांगितलेलं नाही. शिवबाई खुर्चीवर बसल्या आणि आठवायला लागल्या. माहेरचे झाले, सासरचे झाले, व्याह्यांचे पाहुणे झाले, लेकी दिलेली गावं झाली.

“कुणी न्हाय,” त्या म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या, “माळशिरसला आपलं कुणीसुदिक न्हाय.” आणि हसायला लागल्या. एखाद्या गावात आपलं कुणी नाही, याचा इतका आनंद त्या घरात कधी झाला नसेल. मल्लेश दारात उभा राहून ऐकत होता. कुणी काही सांगायच्या आत तो मागावरची ताडपत्री सोडायला गेला.

सध्या त्या दोनांतला एक माग चालू आहे. दुसऱ्यावर अजून ताडपत्री आहे. भंगारवाल्याला थांब म्हटलंय, नको म्हटलेलं नाही. पहिल्या नंबरला मी आता फक्त आमच्या नावानंच येते, आणि त्या नंबराकडे मी ढुंकूनही बघत नाही.

तुम्हाला टॉवेल हवा असेल तर माझं नाव कुणाला विचारू नका. जे हवंय तेच लिहा, घरात बोलता तसं. त्यात मी सापडले तर खुशाल आत या, हवं ते वाचा, शंका असेल तर विचारा. फक्त जाण्याआधी माझं एक समाधान करा. तुम्ही आमचे कुणी लागत नाही ना?