एका मैलाचं भ्या

कॅनॉलच्या भरावावर इंग्रजांच्या अमदानीतला मैलाचा दगड आहे. कॅनॉलचं पाणी सोडणाऱ्या आकाराम पाटकऱ्याच्या खोपटाला टेकून. तिथून निघालं की डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला ऊस, समोर मच्छिंद्रगड, आणि गडाच्या पायथ्याला महादेवाचं देऊळ. देवळाच्या दाराशी पुढचा दगड. मधे बरोबर एक मैल. जागा इतकी देखणी की सांगलीचा एक फोटोवाला मुद्दाम येऊन फोटो काढून गेला. त्या फोटोत गुंडा नाही. तो त्या वेळी बाभळीवर होता.

फौजेत भरती व्हायचं तर एक मैल सहा मिनिटांच्या आत पळावा लागे. गुंडाला सात मिनिटं दहा सेकंद लागत. साल चौऱ्याहत्तर. चैत्रात गुंडाचं वय भरतीच्या अटीबाहेर जाणार होतं, म्हणजे फाल्गुनातली सांगलीची भरती त्याची शेवटची. गावात चाळीस उंबरे आणि एकोणचाळीस घरांत फौजी. चाळिसावं घर गुंडाचं. त्याच्या बापाला तळपाय सपाट म्हणून भरतीतून परत पाठवलं होतं. बाप मरून नऊ वर्षं झाली, तरी गाव त्याला सपाट्याच म्हणे, आणि गुंडाला सपाट्याचा गुंडा. त्याची आई राहीबाई पाण्याला गेली की बायका कळकळीनं विचारत, "पोरगं बरं हाय न्हवं?" जसं काही फौजेत नसणं हा मुदतीचा ताप होता.

गुंडाला तयार करायचं काम चुलत्यानं अंगावर घेतलं. लालासाहेब, निवृत्त हवालदार, गावाचे नाना. ते सायकलवर बसून मागं येत, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ, तोंडात शिट्टी. तीन महिने शिट्टी वाजली आणि वेळ सात मिनिटं दहा सेकंदांवरून हलली नाही.

मग एका सकाळी आकारामचं कुत्रं सुटलं. कुत्र्याचं नाव मामलेदार. आल्यागेल्याला आधी अडवून मग चावायचं, म्हणून. गुंडानं मागं एकदाच बघितलं. त्यानंतर त्याला आठवत होता तो फक्त उसाचा हिरवा पट्टा आणि स्वतःच्याच तोंडून निघणारा एक बारीक आवाज. नाना पोचले तेव्हा तो देवळाजवळच्या बाभळीवर होता आणि खाली मामलेदार बसला होता.

"पाच मिन्टं पन्नास," नाना घड्याळ बघत म्हणाले.

"आवं नाना, आधी कुत्रं धरा."

"त्यात बाभळीवर चढायची धा सेकंदं धरल्यात मी. ती वजा कर." नाना सायकल टेकवून खाली बसले. "गुंड्या, तुझ्या पायात काय खोट न्हाई. तुला भ्या कमी पडतंय गड्या."

दुसऱ्या दिवसापासून तालमीत भ्या सुरू झालं. आठवडाभर आकारामनं वेळेवर कुत्रं सोडलं. पण राहीबाई त्याला जाता-येता भाकरी घालायची, त्यामुळं आठव्या दिवशी मामलेदार गुंडाच्या बरोबरीनं, शेपूट हलवत पळाला. वेळ पुन्हा सात मिनिटं. मग नानांनी गडाच्या कड्याखाली गुंडाला उभं केलं आणि गोफणीनं आग्या मोहोळावर दगड टाकला. त्या दिवशीची वेळ कळली नाही, कारण घड्याळ नानांबरोबर कॅनॉलमधे बुडलं होतं. पाण्यात नाना पहिले पोचले, एवढं मात्र आकारामनं सगळ्या गावाला सांगितलं. सायकल तिथंच राहिली आणि माश्यांनी तिला तीन दिवस सोडलं नाही.

"भ्या टिकत न्हाई तुझं," सुजलेल्या तोंडानं नाना म्हणाले. "टिकाऊ भ्या पायजे."

टिकाऊ भ्या देवळापाशीच होतं. दाराशी सात वीरगळ उभे आहेत, लढाईत पडलेल्यांचे दगड, कुणाचे ते कुणाला ठाऊक नाही. प्रत्येक दगडावर तीन मजले. तळमजल्यावर मारामारी. मधल्या मजल्यावर त्याच वीराला अप्सरा हाताला धरून वर नेतायत. वरच्या मजल्यावर तो महादेवापुढं बसलाय. लहानपणी गुंडाला वाटायचं, हा माणूस सरळ वरच्या मजल्यावरच का गेला नाही.

"अवसेला ह्ये उठत्यात," नानांनी सांगितलं. "पाठ करून पळणाऱ्याच्या मागं येत्यात. उद्या अवसच हाय. तू दिवस उगवायला हितनं निघायचं. मी खोपटापाशी थांबतो."

"तुमी हितं का न्हाई थांबत?"

"मला भ्या वाटतं."

अवसेच्या पहाटे गुंडा देवळापाशी एकटा उभा राहिला. कॅनॉलवरून धुकं उठून उसात शिरत होतं. गड दिसत नव्हता. पाण्याचा आवाज होता, पण पाणी कुठल्या बाजूला आहे ते कळत नव्हतं. शिट्टीची वाट बघता बघता त्यानं पहिल्यांदाच दगडांकडे जवळून पाहिलं. वीराच्या हातात तलवार होती, कमरेला शेला होता, पायात तोडा होता. तोंड नव्हतं. इतक्या वर्षांच्या पावसानं ते पुसून गुळगुळीत केलं होतं. दुसऱ्या दगडावरही तेच, तिसऱ्यावरही. सातांपैकी एकालाही तोंड नव्हतं. कुणाचंही बसलं असतं. गुंडानं न ठरवता स्वतःच्या गालावरून हात फिरवला, नाक जागेवर आहे का ते पाहिलं, आणि शिट्टी पुरी व्हायच्या आधी पळत सुटला.

उन्हात वाळवून पुन्हा चालू झालेल्या घड्याळात पाच मिनिटं वीस सेकंद. नानांनी सायकलची घंटा वाजवली, आकारामनं चहा टाकला. गुंडा मात्र खाली बसला तो उठेना. त्याला कळलं होतं की आपण दगडांना भ्यालोच नाही. दगड मागं राहिले होते आणि भीती बरोबर आली होती. त्याला लढाईची भीती वाटत होती. एकोणचाळीस फौजींच्या गावात ही गोष्ट कुणापुढं काढायची, ते त्याला कळेना. कॉलरा झालाय म्हणून सांगणं सोपं होतं.

जेवण तुटलं. राहीबाईनं विचारलं, "भाकर का ठिवलीस?"

"पोट हलकं ठिवलं की पाय उचलत्यात."

तिला ते पटलं. तिनं अर्धी भाकरी मामलेदाराला घातली.

रोज सकाळी वाटेवर रंगुबाईचं घर लागे. तिचा मुलगा मानसिंग एकाहत्तरच्या लढाईतून आला नव्हता. म्हातारी ओट्यावर बसून पळणाऱ्या प्रत्येक पोराला एकच सांगायची, "सावकाश पळ रं लेकरा." गाव म्हणे, तिचं डोकं ठिकाणावर नाही. गुंडाला आता वाटू लागलं, गावात ठिकाणावर असलेलं तेवढं एकच डोकं आहे.

भरतीच्या आदल्या दिवशी नानांनी त्याला देवळाच्या पायरीवर बसवलं, पायाला एरंडेल चोळायला. गुंडानं वीरगळांकडे पाठ केली आणि बोलून टाकलं.

"नाना, मला भ्या वाटतंय."

"चांगलं हाय की. उद्याचा दिस टिकव."

"पळायचं न्हवं. लढाईचं. मी आत गेलो आन लढाई लागली तर?"

नानांनी एरंडेलाची बाटली बंद केली. मग डाव्या पायातला बूट काढला, मोजा काढला. गावात कुणी त्यांना अनवाणी पाहिलं नव्हतं. पायाला दोनच बोटं होती.

"बासष्टला. बर्फात," ते म्हणाले. "लढताना न्हाई गेली. वर हुकूम आला, मागं फिरा. मग सगळी पळालो, सात दिस. बूट फाटलं तरी पळालो. माझ्यावानी भ्यालेलं त्या डोंगरात दुसरं कोण नसंल. म्हणून हितं बसून तुला एरंडेल चोळतोय."

गुंडा पायाकडे बघत राहिला. "मानसिंग तर माझ्यापरीस जोरात पळायचा."

"त्यो म्होरं पळाला." नानांनी मोजा चढवला. "मी तुला पळायला शिकवतोय ते भरतीसाठी, असं वाटलं व्हय तुला?"

उन्हं गडावरून उतरून पाण्यावर आली होती. नाना बुटाची नाडी बांधत म्हणाले, "न्हाई जायाचं तर न्हाई जायाचं. सपाट्याला मी काय टाकला न्हवता. पर उद्या हळू पळून पडू नगंस. पळ, आन मग काय ते ठरीव."

सांगलीच्या मैदानावर सकाळी तीनशे पोरं उघड्या अंगानं उभी होती. मैदानाला चारी बाजूंनी भिंत. चार फेऱ्या म्हणजे एक मैल. भिंतीच्या एका टोकाला टेबल, टेबलाशी साताऱ्याकडचे एक सुभेदार, पुढ्यात जांभळ्या शाईचा शिक्का. जो वेळेत येईल त्याच्या छातीवर शिक्का. टेबलाच्या पलीकडे डॉक्टरचा तंबू.

निशाण पडलं आणि गुंडाच्या लक्षात आलं की आजवर भ्या कायम पाठीमागं होतं. कुत्रं मागं, माश्या मागं, दगड मागं. आज ते समोर खुर्चीवर बसलं होतं. मागचं भ्या माणसाला पळवतं. पुढच्या भ्याचं काय करायचं, हे नानांनी शिकवलं नव्हतं.

पाय जड झाले. टेबल जसं जवळ आलं तसा तो मागं पडत गेला, पंधरावा, विसावा. मग टेबल ओलांडलं, ते पाठीमागं गेलं, आणि पाय सुटले. निम्मं मैदान तो मामलेदार सुटल्यासारखा पळाला. मग वळण, आणि पुन्हा टेबल समोर. अशा चार फेऱ्या. भिंतीबाहेरून नानांना दिसत होतं ते असं, की पुतण्या एका बाजूला बैल आणि दुसऱ्या बाजूला घोडा आहे.

चौथ्या फेरीला तो टेबलापाशी आला तेव्हा पाच मिनिटं अठ्ठावन्न झाली होती. सुभेदारांनी शिक्का उचलला. गुंडानं तो शिक्का बघितला आणि थांबलाच नाही.

"ए, हो गया," एक जवान ओरडला आणि मागं धावला. मागं जवान लागल्यावर तर विचारायलाच नको. दुसराही धावला. तीनशे पोरं बघत राहिली. भिंतीला फाटक एकच होतं आणि ते उघडं होतं. गुंडाला ते दिसलं. फाटकातून सांगलीचा रस्ता, रस्त्यावर एक टांगा, एक पेरूवाली. चार ढांगांत तो बाहेर पडला असता. पेरूवालीनं त्याच्याकडे पाहिलं आणि जागा करून दिली.

तो फाटकाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. छातीत कुणीतरी आतून दार ठोठावत होतं. जवानांनी दोन्ही दंड धरले. तेही त्याच्याइतकेच धापा टाकत होते.

"सोडा," तो म्हणाला. "येतो मी."

त्यांनी सोडलं, कदाचित दम नव्हता म्हणून. गुंडा मागं वळला. टेबल मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होतं, आणि त्याच्याकडे पळत जाणं त्याच्या पायांना जमणार नव्हतं, हे त्याला चार फेऱ्यांत कळून चुकलं होतं. म्हणून तो चालत निघाला. एवढं रुंद मैदान त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. सुभेदार शिक्का हातात धरून वाट बघत होते, आणि तो प्रत्येक पाऊल आधी ठेवून मग त्याच्यावर उभा राहत होता.

"का पळालास?" सुभेदारांनी विचारलं.

"भ्यालो सायेब."

"कशाला?"

गुंडानं शिक्क्याकडे बोट दाखवलं.

सुभेदारांनी क्षणभर त्याच्याकडे, मग धापा टाकणाऱ्या दोन जवानांकडे पाहिलं. "नाव?"

नाव तिसऱ्या वेळी तोंडातून निघालं. शिक्का छातीवर बसला. तो गार होता, दगडासारखा नाही, नुसता गार. तंबूच्या दाराशी रांग होती. गुंडा शेवटी जाऊन उभा राहिला, आणि भ्या त्याच्या शेजारी येऊन उभं राहिलं.