छत्रीच्या काड्या

माझी पत्नी रोहाएती हिच्या पित्याने, म्हणजे आबांनी, आमच्या निकाहास पालक म्हणून उभे राहण्याचे नाकारले होते. "पार्किंगवाल्याची कमाई हरामाची. दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा नि पैसे उपटायचे," असे ते चारचौघांत बोलले. अखेर सरकारी काझीने तो विधी उरकला. या गोष्टीस सात वर्षे झाली. पार्किंगची शिट्टी टाकून मी बेकासी शहरातल्या गादीच्या कारखान्यात लागलो, तरीही सासरचे दार उघडले नाही. यंदा रमजानात मात्र निरोप आला की, ईदला या, आबा माफी देणार आहेत.

ईदच्या सकाळी धाकट्यांनी वडीलधाऱ्यांपुढे गुडघे टेकून वर्षभराच्या अपराधांची क्षमा मागावी, अशी आमची रीत. आबांचा हात एकदा माझ्या मस्तकावर पडावा, एवढ्याच इच्छेने मी आदल्या पहाटे मोटारसायकल बाहेर काढली. टाकीवर आमची सहा वर्षांची मुलगी साल्मा, मागे रोहाएती आणि तिच्याही मागे बांधलेल्या फळीवर बिस्किटांचे खोके, अशी आमची यात्रा निघाली.

बांडुंगच्या अलीकडेच क्लचची तार तुटली. पुढे नाग्रेगच्या चढावर चेन दोन वेळा उतरली. रोजा असल्याने पाण्याचा थेंबही घेता येत नव्हता.

"अहो कांग, ही गाडी आपल्याला नेतेय की आपण हिला?" रोहाएती घाम पुसत म्हणाली. आमच्याकडे बायको नवऱ्याला 'कांग' अशी हाक मारते.

"उतर आणि ढकल."

"सात वर्षांनी माहेरी चाललेय, ती पण ढकलत!"

तिचे हसणे ऐकून माझा शीण गेला, हे नमूद करणे मला आवश्यक वाटते. कारण त्यानंतर आम्ही हसलो नाही.

गाव हाकेच्या अंतरावर असताना, एका वळणावर, आमची दोन्ही चाके एकदमच बसली. आमच्यापुढे एक तरुण जोडपे मोटारसायकलसकट पडले होते. त्या बाईचे कोपर सोलून निघाले होते आणि तिच्या तान्ह्या बाळाचा ओठ फाटला होता. मी माझ्या टायरात रुतलेली वस्तू उपसली. ती छत्रीची काडी होती. बोटाच्या पेराएवढी, दोन्ही टोकांस तिरकी कापलेली. अशी वस्तू रस्त्यावर आपोआप पडत नाही.

आबा रस्त्याकडेला पंक्चर काढत; त्यांचे छप्पर तेथून तीनशे पावलांवर होते. आम्ही सर्व जण गाड्या ढकलत तेथे पोहोचलो.

"या जावईबापू!" आबा उठून म्हणाले. "हात हलवत नाही आलात, गिऱ्हाईक पण घेऊन आलात."

त्यांनी आमच्या दोन्ही ट्यूब फुकट जोडल्या. त्या तरुणाकडून मात्र सणाचा दर म्हणून दुप्पट घेतले, आणि घेतल्यावर बाळाच्या ओठास स्वतःच्या बोटाने मध लावला. ती बाई त्यांना दुवा देऊ लागली.

"असू दे गं, पोरी. रस्ताच वाईट आहे," आबा म्हणाले. मग मजकडे वळून, "जरा त्या डब्यातली पकड दे."

मी चुकीचा डबा उघडला. त्यात छत्रीच्या काड्या होत्या; सगळ्या पेराएवढ्या, सगळ्या तिरक्या कापलेल्या. मी झाकण लावले आणि दुसऱ्या डब्यातली पकड दिली.

रोहाएतीस मी चुलीपाशी गाठले.

"तुला ठाऊक होतं?"

तिने नारळ किसणे थांबवले नाही. "वाटलं, आता सोडलं असेल."

"म्हणजे ठाऊक होतं."

"माझे शाळेचे बूट त्यातूनच आले, कांग. उद्या सकाळपुरतं गप्प बसा. माझ्यासाठी."

मी गप्प बसलो. सूर्यास्तास त्याच घरचे सरबत पिऊन रोजा सोडला आणि त्याच घरचा भात खाल्ला. घास गिळताना मला त्या माणसाची किळस येत होती, आणि गिळला गेला की माझी स्वतःची.

सकाळी नमाजानंतर आबा वेताच्या खुर्चीत बसले. मेव्हणे, भाचरे, शेजारी रांगेत होते. माझी पाळी आल्यावर मी गुडघे टेकले, त्यांच्या गुडघ्यावर कपाळ ठेवले आणि रीतीप्रमाणे क्षमा मागितली. त्यांचा हात मस्तकावर आला. त्याला रबराच्या सोल्यूशनचा वास होता.

"केलं माफ," आबा सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले. "माझं काही चुकलं असेल, तर तूही माफ कर. बाहेरचं, आतलं, सगळं."

हे वाक्य प्रत्येक वडीलधारा प्रत्येकास म्हणतो. त्यावर हाताचे चुंबन घेऊन उठायचे असते. कोणी काही विचारत नाही.

"काय चुकलं, आबा?" मी विचारले.

हात मस्तकावरच थबकला. "असं म्हणायची रीत असते."

"रीत ठाऊक आहे मला. माफच करायचंय. कशाबद्दल, तेवढं सांगा."

मागे कोणीतरी खोकले. रोहाएतीने माझा सदरा ओढला. आबांनी हात उचलला, तो स्वतःच्या लुंगीस पुसला आणि रांगेकडे पाहून हसले.

"बघा! मी याला माफ केलं, आणि हा माझीच झडती घेतोय. शेवटी पार्किंगवालाच."

सगळे हसले. "उठ रे, मागं लोक खोळंबलेत," मेव्हणा म्हणाला. मी उठलो. माझ्या जागी रोहाएती गुडघे टेकून बसली, आणि तिच्या मस्तकावर तो हात बराच वेळ राहिला.

जेवणासाठी आम्ही थांबलो नाही. वेशीबाहेर आल्यावर ती म्हणाली, "विचारलं नसतं तर काय बिघडलं असतं?"

"खरं तर कालच विचारायला हवं होतं. त्या बाळासमोर."

कालचे वळण येताच तिने मला थांबण्यास सांगितले, ओढणी कमरेला खोचली, आणि वाकून रस्ता न्याहाळत ती गाडीपुढे पायी चालू लागली.