कागदावर नसलेली पायरी

तीनपासून सुरू करते. पहिल्या दोन पायऱ्यांत कुणाचं काही बिघडत नाही. टाकी काढायची, खालची ताटली धुवायची, इतकंच.

३. टाकीत एक लिटर पाणी. दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व. कण दिसेनासे होईपर्यंत ढवळणे. घाई असणाऱ्यांनी हे काम करू नये.

घाई असणारी म्हणजे मी. हा कागद आईनं लिहून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. सात पायऱ्या, बाटल्यांवर लेबलं लिहायची त्या अक्षरात. एकतीस वर्षं ती शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. मुलं तिला ॲसिडबाई म्हणायची. तिला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही. निवृत्तीच्या वेळी शाळेनं तिला हे मशीन दिलं, एका वेळी एकच कप कॉफी करणारं. ती स्वतः कॉफी पीत नाही. तरी दर तीन महिन्यांनी त्यातले क्षार काढत बसायची, गेल्या जन्मीचं देणं असल्यासारखी.

आमच्याकडचं पाणी जड. उकळलं की पांढरा थर धरतो. "माणसांनाही धरतो," आई म्हणायची आणि माझ्याकडे बघायची.

४. कॉफीची डबी न घालता अर्धी टाकी चालवणे. गरम पाणी मोठ्या भांड्यात घेणे.

त्या रविवारी अकरा वाजता दोन माणसं यायची होती. एक दादा, माझा मोठा भाऊ, चार तासांवरून. दुसऱ्या म्हणजे वृद्धांच्या निवासातल्या बाई. तिथे एक खोली रिकामी झाली होती आणि सोमवारपर्यंतच थांबणार होती. निवासाचा नियम असा: आई स्वतःहून 'येते' म्हणाली तर प्रश्नच नाही. ती नाही म्हणत होती. मग बाई घरी येऊन पाहणार, प्रश्न विचारणार, फॉर्म भरणार. शेरा 'एकटीला घरात ठेवणं धोक्याचं' असा पडला आणि दोन्ही मुलांनी सही केली, तर आईच्या होकाराची गरज नाही.

माझी सही तयार होती. दादा अडून बसला होता.

"नळ चालू राहिला म्हणून आईला घराबाहेर काढायचं?" फोनवर म्हणाला. "नळ मीही विसरतो."

"तू तिच्याबरोबर राहून बघ. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?"

"मला एकदा डोळ्यांनी दिसू दे. मग करतो सही."

नळ एकदाच राहिला होता. दोनदा, असं मी त्याला सांगितलं होतं. गॅसबद्दलही सांगितलं होतं. गॅस मी चालू ठेवला होता.

५. अर्धा तास थांबणे. मशीनला हात लावू नये.

हा अर्धा तास आम्ही दोघी टेबलाशी बसून होतो. माझा घटस्फोट झाल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, आम्ही तिच्या घरात अशाच समोरासमोर बसत होतो.

"आज कोण येणार ते मला कळत नाही असं समजू नकोस," आई म्हणाली. "जुनं कपाट काढून टाकायच्या आधी ठोकून बघतात, तसं मला बघायला येणार."

"दादा भेटायला येतोय."

"साहेब भेटायला येताना सोबत फॉर्मवाल्या बाई आणत नाहीत. बस सरळ. दातांच्या दवाखान्यात अशीच बसतेस का? पेशंटना वाटेल, हिचेच काढायला आलेत."

मी दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर असते. नावं लिहून घेते, वेळा देते. आईच्या मते ते काम खुर्चीनंही केलं असतं.

"आई, तिथे बाग आहे. तुझ्या वयाची माणसं आहेत."

"माझ्या वयाची माणसं मला इथेही आवडत नाहीत."

"मला झेपत नाही गं."

"काय झेपत नाही? स्वयंपाक मी करते. कपडे मी धुते. तुला फक्त मी झेपत नाही." घड्याळाकडे बघून ती उठली. "झाला अर्धा तास. हो बाजूला."

मला तिची खोली नको होती, फक्त शांतता हवी होती.

वरचं वाक्य खोटं आहे. खोली हवी होती. त्या खोलीत सकाळचं ऊन येतं. माझ्या खोलीला समोरच्या इमारतीची भिंत आहे.

६. उरलेली टाकी चालवणे. पाणी संपल्यावर मशीन खोकते. खोकू देणे.

७. साध्या पाण्याच्या तीन टाक्या. दोन नाही. तीन.

तिनं तीन चालवल्या. मी मोजल्या. मग टाकी पुन्हा साध्या पाण्यानं भरून बसवली, कप पुसून ठेवले आणि साडेदहाला आंघोळीला गेली. जाताना म्हणाली, "हात लावू नकोस. पाहुण्यांसाठी तयार आहे."

आतून पाण्याचा आवाज यायला लागला. मी लिंबूसत्त्वाची बरणी काढली. दोन मोठे चमचे. तळाशी कण दिसेनासे होईपर्यंत ढवळलं. घाई केली नाही. त्या एका दिवशी मी तिच्या कागदाप्रमाणे काम केलं.

मला वाईट वाटत होतं. (हेही खोटं. चमचा धुऊन पुसून ठेवताना मी गुणगुणत होते.)

बाई वेळेवर आल्या. मऊ बोलणाऱ्या, मऊ चपला घातलेल्या. दादा त्यांच्या मागून आला, हातात मोठी बॅग.

"आजी, आज वार कोणता?"

"रविवार. पण तुम्ही कामावर आहात, तेव्हा एकीचा वार चुकलाय."

बाई हसल्या. दादाही हसला.

"शंभरातून सात वजा करत जाल का?"

"कुठवर? शेवटी दोन उरतात."

बाईंनी फॉर्मवर खूण केली. पुढचे प्रश्नही तसेच गेले. आईनं शाळेतल्या चारही मुख्याध्यापकांची नावं क्रमानं सांगितली आणि कोण कशात कच्चा होता तेही सांगितलं. दादानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ सरळ होता. यासाठी मला चार तास बोलावलंस?

"आता कॉफी घ्या," आई म्हणाली.

पहिला कप बाईंना, दुसरा दादाला. बाईंनी एक घोट घेतला आणि कप सावकाश खाली ठेवला. दादानं मोठा घोट घेतला आणि तो परत कपात सोडला.

"आई, हे आंबट आहे."

मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "आई, तीन टाक्या चालवायच्या राहिल्या का गं? मागच्या वेळेसारख्या?"

मागची वेळ नव्हतीच. आईनं दादाचा कप उचलला, वास घेतला, ठेवला आणि आपल्या खोलीत गेली.

"शंभरातून सात वजा करणारे पुष्कळ असतात," बाई हळूच दादाला म्हणाल्या. "घराला आग लावणारेही त्यांच्यातलेच निघतात."

आई परत आली. हातात एक जाड वही आणि निळ्या कागदाच्या पट्ट्यांचं छोटं पुस्तक. ही वही मी तीन वर्षांत पाहिली नव्हती.

"ही आठ वर्षांची वही," ती बाईंना म्हणाली. "मशीन धुतलं की शेवटच्या टाकीचं पाणी घ्यायचं, त्यात निळा लिटमस बुडवायचा. आम्ल उरलं असेल तर लाल होतो. कागद वाळवून इथे चिकटवते. तारीख, वेळ. आजचा बघा. दहा वीस. निळा."

नुकतीच चिकटवलेली पट्टी होती. निळी.

"कपात बुडवून उपयोग नाही, कॉफी मुळातच आम्ल." तिनं टाकी काढून टेबलावर आणली, नवी पट्टी फाडली आणि पाण्यात धरली. क्षणात लाल. "अकरा पस्तीस. लाल. मधे मी आंघोळीला होते. घरात दुसरं माणूस एकच."

वर्गात चंचुपात्र कुणी फोडलं ते मुख्याध्यापकांना सांगावं, तशा आवाजात तिनं हे सांगितलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सगळं संपलं, असं मला वाटलं. दादा आता उठेल, फॉर्म फाडेल, तिच्या पाया पडेल.

बाई वहीची पानं उलटत होत्या. पानोपानी निळ्या पट्ट्या.

"किती वर्षांपासून कागद बुडवताय, आजी?"

"सांगितलं ना, आठ."

"आणि चिकटवून ठेवता."

"नोंद ठेवायला नको? बाई, विषय तो नाही."

"मुलीनं मुद्दाम घातलं, असं वाटतं तुम्हाला."

"वाटत नाही. दिसतंय. तुमच्यासमोर आहे."

"याआधी कधी? जेवणात वगैरे कुणी काही घातल्यासारखं?"

आईनं तोंड उघडलं, आणि तेव्हा तिला पेन दिसलं.

मी दवाखान्यात दिवसभर लोकांचे फॉर्म उलट्या बाजूनं वाचते. मला रकाना वाचता येत होता. 'घरच्यांवर संशय: आहे / नाही.' पेन 'आहे'वर खूण करून पुढच्या ओळीवर गेलं होतं. 'विचित्र सवयी (वर्णन करा).' तिथे लिहिलं जात होतं: कागद बुडवतात, जपून ठेवतात, आठ वर्षं.

हात दाखवून अवलक्षण. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे निकाल लिहिलेल्या बाईला स्वतःचा निकाल लिहिला जाताना दिसला. ती खुर्चीवर बसली. वही मिटली.

"नाही," म्हणाली. "मीच विसरले असेन."

बाईंनी तेही लिहिलं. 'विधान बदलतात.'

मग मी सही केली. मग दादानं. आईनं त्याचं पेन सरकवून दिलं, कारण त्याला ते सापडत नव्हतं. नजरेसमोर होतं.

बाईंना सोडायला आम्ही दोघं खाली गेलो. परत येताना जिन्यात दादा थांबला.

"किती घातलंस?"

मी कठडा धरून पुढची पायरी चढले.

"लहानपणी आपण तिच्या प्रयोगशाळेत हेच चोरून चाटायचो. मला चव कळणार नाही?"

"दोन मोठे चमचे. कागदावर आहेत तेवढे."

"एक पुरला असता," तो म्हणाला आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

सोमवारी सकाळी आईनं स्वतःची बॅग स्वतः भरली. मी मदतीला गेले तर म्हणाली, "राहू दे, मॅडम. तुम्ही घडी घातलेलं मला परत घालावं लागतं."

मी दारात उभी राहिले. वाटलं, आता काहीतरी म्हणेल. शाप, शिवी, काहीही. तिनं वही बॅगेत ठेवली. पट्ट्यांचं पुस्तक बाहेरच ठेवलं.

"कागदावर सातच पायऱ्या आहेत," म्हणाली. "आठवी मी लिहिली नव्हती. एक तपासणी मुलांना सांगायची नसते, नाहीतर मुलं तिच्यापुरतीच चांगली वागतात."

"आई..."

"हे तुझ्यासाठी. तुला लागेल."

दादा तिला गाडीतून घेऊन गेला आणि दुपारी परत आला. त्याची मोठी बॅग दिवाणखान्यातच होती. काही दिवस राहतो म्हणाला, घराची कागदपत्रं बघायची आहेत. रात्रीपुरतं कुठे टेकू, असं त्यानं मला विचारलं नाही. उन्हाच्या खोलीत चादर घातली.

गुरुवारी सकाळी मी उठले तेव्हा तो मशीनपाशी उभा होता. माझ्याकडे पाठ. पाण्यात काहीतरी ढवळल्याचा आवाज आल्यासारखा वाटला. कदाचित त्याच्या कपातली साखर असेल.

"ये, बस. तुझ्यासाठी करतोय."

मशीन घरघरलं. त्यानं कप माझ्यासमोर ठेवला आणि समोर बसला, आईच्या खुर्चीवर.

"कसली घाई नाही," म्हणाला, "पण तुझं पुढचं काय ते ठरवायला हवं. एकटीनं राहणं सोपं नसतं. तुझी तब्येत तरी कुठे बरी असते? गॅस चालू राहिला होता म्हणालीस. तेव्हा घरात तूही होतीस ना?"

मी कपाकडे पाहत राहिले. वाफ येत होती. वास कॉफीचाच होता.

"पी की."

मी उठले. माझ्या टेबलाच्या खणातून पट्ट्यांचं पुस्तक आणलं. कपात बुडवून उपयोग नसतो, म्हणून मशीनची टाकी काढली. एक पट्टी फाडून पाण्यात धरली.

दादा बघत होता. मान किंचित वाकडी करून, सावकाश.

"हे कधीपासून?" त्यानं विचारलं. आवाज मऊ होता.

पट्टी निळीच राहिली. मी दुसरी फाडली.