ऐन वेळी शोधाशोध नको

दुकान विकून घरी बसल्यावर चष्मेवाल्याने दोन कामं हाती घेतली: जिन्याला कठडा लावून घेतला आणि मरणाची तयारी केली. ‘आता नीट दिसतंय का?’ हे लोकांना विचारण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला स्वतःचा शेवट धूसर ठेवणं पटेना.

बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मूल एकच, लेक. शाळेत गणित शिकवायची. एका रविवारी दुपारी त्याने तिला बोलावून घेतलं, स्वतः चहा केला आणि तिच्यापुढे एक छापील कागद ठेवला.

“हे बघ, उद्या मी आडवा झालो, वाचा गेली, तर नळ्या नकोत, यंत्रं नकोत. घरी आणायचं आणि सुखाने जाऊ द्यायचं. डॉक्टरांनी कुणाला विचारायचं, तिथे तुझं नाव घालतोय.”

लेकीने कागद शेवटपर्यंत वाचला. “आईनेही हेच सांगितलं होतं,” ती म्हणाली. “तुमचा हात धरून. मी समोर होते. तरी एकाहत्तर दिवस तिला नळ्यांवर ठेवलंत. पाठीची सालटी निघाली तेव्हा मी तुमच्या पाया पडले, बाबा. तुम्ही चारचौघांत म्हणालात, ‘तुला आई जड झाली का गं?’”

“माझा धीर होत नव्हता.” त्याने कपाची कड बोटाने पुसली. “पण ते सगळं पाहिलं म्हणूनच शहाणा झालो ना.”

“म्हणजे तिच्यावर शिकलात.”

चहावर साय धरली. शेवटी लेकीने पेन उचललं आणि सही केली. कागद घडी घालून पर्समध्ये टाकला.

“माझ्यापाशी राहू दे. ऐन वेळी शोधाशोध नको.”

त्याचे डोळे भरून आले. पोरीने मोठ्या मनाने सगळं पोटात घातलं, असं त्याला वाटलं.

आठ महिन्यांनी तो न्हाणीघरात कोसळला. जाग आली ती इस्पितळात. उजवं अंग गेलेलं, घशात नळी. कान मात्र शाबूत होते. पायथ्याशी डॉक्टर लेकीला सांगत होते, “त्यांना काही कळत असेल असं वाटत नाही. पुढे गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी, पोटातून अन्न. हे करायचं का, ते तुम्ही ठरवा. त्यांनी काही लिहून ठेवलंय?”

चष्मेवाल्याने सगळा जीव डोळ्यांत आणून लेकीकडे पाहिलं. तिनेही नजरेला नजर दिली.

“नाही,” ती म्हणाली. “असल्या विषयावर बाबा कधी बोललेच नाहीत. तुम्ही सगळं करा, डॉक्टर. काही म्हणजे काही बाकी ठेवू नका.”

त्याने डावा हात गादीवर आपटला, पुन्हा आपटला. नळी ओढेल म्हणून नर्सने तो हात पट्टीने कॉटच्या दांड्याला बांधून टाकला.

शाळा सुटली की लेक रोज यायची. दाढी करायची, तळव्यांना तेल चोळायची. नर्स म्हणायची, “आजोबा, नशीब काढलंत. लेक असावी तर अशी!”

एकदा आसपास कुणी नसताना ती त्याच्या कानाशी वाकली. “पंधराच दिवस ठेवायचं ठरवलं होतं, बाबा. तुम्हाला कळावं म्हणून. मग म्हणणार होते, कागद सापडला. पण आता सगळे विचारतील, इतके दिवस कुठे होता? नाही झाला धीर. काल फाडून टाकला.”

त्याने तिच्या चेहऱ्यावर सूड शोधला. तिथे नुसता थकवा होता, आणि सूड असता तर बरं, असं त्याला वाटून गेलं.

शेजारच्या कॉटवरचा म्हातारा सुतार एका दुपारी गेला. बायकोने डोकं मांडीवर घेतलं होतं, मुलगा पाय चेपत होता. नळी नाही, काही नाही. दोन उचक्या, आणि संपलं. उपाशी माणसाने भरल्या ताटाकडे बघावं तसा चष्मेवाला तिकडे बघत राहिला.

लेक लगबगीने उठली आणि मधला पडदा ओढला. “नका बघू, बाबा. उगीच त्रास होईल.” मग बसून ती त्याची नखं कापू लागली.

त्यानंतर चष्मेवाला अकरा महिने जगला.