पहिली नजर

सदाशिवरावांनी बॅटरीचं टोक बोटांनी चाचपलं, लाल वायरचा चिमटा त्यावर बसवला आणि तो पक्का बसला की नाही हे हलवून पाहिलं. काळा चिमटा धर्मपालनं लावला. मोठ्या दुर्बिणीच्या बुडातली मोटर घरघरली आणि थांबली.

"लागली काय?" सदाशिवरावांनी विचारलं.

"लागली नं भाऊ. हिरवा दिवा लागला की."

दिवा लागला असेल. सदाशिवरावांना बुडाशी कुठंतरी एक हिरवट, ओलसर डाग दिसला होता. त्यांनी मान डोलावली आणि हात पॅंटला पुसले.

दिवेलागण होऊन गेली होती. घाटंजीच्या अलीकडचं हे त्यांचंच शेत. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून शेताच्या कडेला धुऱ्यावर रचून ठेवल्या होत्या आणि मोकळ्या रानात तिपायांवर दोन दुर्बिणी उभ्या होत्या. नागपूरच्या दुकानदारानं त्या आठवडाभर वापरून पाहायला दिल्या होत्या. उद्या एक ठेवून दुसरी परत पाठवायची, आणि कोणती ठेवायची ते सदाशिवराव सांगतील, असं आकाश मंडळाच्या बैठकीत चहा यायच्या आधीच ठरून गेलं होतं. मंडळात नावं बरीच होती. वर्गणीचा विषय निघाला की त्यातली निम्मी गळायची, थंडी पडली की उरलेली. शेवटी शेतात येऊन मान अवघडेपर्यंत वर पाहणारे तिघंच: सदाशिवराव, त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असलेला एसटीतला कंडक्टर धर्मपाल आणि अर्पिता. अर्पिता सातवीत असताना याच दोघांनी तिला शाळेच्या पटांगणात शनीची कडी दाखवली होती. आता ती स्वतः विज्ञान शिकवत होती, पण सदाशिवरावांपुढं अजून सातवीतच होती.

पहिली नजर सदाशिवरावांची, हा मंडळाचा जुना शिरस्ता. दुर्बीण कशावरही लावलेली असो, आधी त्यांनी पाहायचं, काय दिसतं ते सांगायचं, मग बाकीच्यांनी. ते सांगायचे तेही असं, की मागून पाहणाऱ्याला ते दिसू लागायचं. मृगाच्या पोटात बाण आहे, त्या बाणाखाली धुरकट ढग आहे आणि ढगाच्या मधोमध चार तारे दाटीवाटीनं बसलेले आहेत. चांगल्या काचेत हे चार वेगळे दिसतात, वाईट काचेत त्यांचा काला होतो. म्हणून दुर्बीण पारखायची तर याच चौघांवर. नागपूरच्या एका शिबिरात सदाशिवरावांना त्या चौघांजवळ पाचवाही दिसला होता. मंडळात त्यावर कोणी विश्वास ठेवला नाही आणि त्यांनी वादही घातला नाही.

पण ही सगळी भादव्याच्या आधीची गोष्ट.

भादव्यात कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारा वर उडवायचा आणि तो तोंडावर उतरायचा. त्यांचा गडी गोविंदा पंप घेऊन पुढं होता, सदाशिवराव किडीचं औषध कालवून देत मागं. संध्याकाळपर्यंत दोघंही ओकून ओकून आडवे झाले. यवतमाळच्या दवाखान्यात दोघांच्या खाटा शेजारी होत्या. सदाशिवराव घरी आले. गोविंदा आला नाही.

डोळे हळूहळू सुधारतील असं डॉक्टर म्हणाले होते. थोडे सुधारले आणि तिथंच अडकले. दिवसा भागत होतं. अंधार पडला की जग राखेत बुडायचं. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही, घरीही नाही. गोविंदाची मानीबाई रोज समोरच्या धुऱ्यावरून कामाला जायची. तिचा माणूस यांच्या शेतापायी गेला होता. तिच्या देखत, मला तारे दिसत नाहीत हो, हे रडगाणं कोणत्या तोंडानं गायचं? लाज वाटायची त्यांना. आणि आणखी एक होतं. गावात जिथं जावं तिथं लोकांच्या नजरेत गोविंदा असायचा. या अंधारात मात्र त्यांना कोणी गोविंदाचा मालक म्हणून पाहत नव्हतं. इथं ते पहिल्या नजरेचे मानकरी होते. ही एवढी जागा त्यांना सोडवत नव्हती.

"भाऊ, हे रोहिणी आणि व्याध मागून राह्यली," धर्मपालनं मोठ्या दुर्बिणीच्या रिमोटवरचं वाचून सांगितलं. "मधात आणून द्या."

मोठीचं हे असंच होतं. आरसा रुंद, प्रकाश भरपूर ओढणार, पण चालू केली की माणसानं दोन ओळखीचे तारे डोळ्यांनी मधोमध आणून द्यायचे. तेव्हा तिच्यातल्या कॉम्प्युटरला आकाश कुठं आहे ते समजायचं. धाकटीला तेही नको. तिच्या नळीवर बारका कॅमेरा होता. तो स्वतःच पाहायचा, स्वतःच जुळवायचा. आपण फक्त बटण दाबायचं. "हिले माणूसच लागत नाई," असं धर्मपाल पहिल्याच दिवशी म्हणाला होता आणि ते काही कौतुकानं म्हणाला नव्हता. सदाशिवरावांच्या मनात मात्र तेच वाक्य घर करून बसलं होतं. मोठी आली तर महिन्याभरात सगळं उघडं पडेल. धाकटी आली तर निभेल.

त्यांनी मोठीला डोळा लावला. व्याध पसरट पांढरा का होईना, मिळाला. त्यांनी तो मधोमध आणला. रोहिणीसाठी बटण दाबलं, मोटर फिरली, थांबली, आणि समोर नुसती राख.

"अर्पिता, तू लाव," ते बाजूला होत म्हणाले. "कवा शिकशीन मंग?"

अर्पितानं रोहिणी चटकन मधोमध आणली आणि बटण दाबलं. दुर्बीण मृगाकडं वळली. पहिली नजर सदाशिवरावांनी टाकली, राख पाहिली आणि आठवणीतून सांगितलं, "चार हायेत. चारही वेगळे." मग धर्मपालनं पाहिलं. मग अर्पितानं.

"हो काका," ती म्हणाली. "टाचणीनं टोचल्यासारखे."

धाकटीनं तोवर स्वतःचं स्वतः जुळवून घेतलं होतं. तेवढ्यात पांदणीच्या वाटेनं पऱ्हाट्या भरलेला ट्रॅक्टर आला आणि धुळीचा लोट शेतात घुसला.

"झाका, झाका," धर्मपाल ओरडला. अर्पिता धावली. सदाशिवरावांनी पाठ फिरवून रुमाल डोळ्यांवर धरला. धूळ त्यांना आता सोसत नसे. ट्रॅक्टर गेला, धूळ बसली. अर्पितानं मोठीवरची चादर झटकली आणि घाईघाईनं धाकटीचं बटण दाबलं. नळी आपली आपण वळली, मृगाकडं तोंड करून थांबली आणि टिक असा आवाज झाला.

"या काका. पोचली."

सदाशिवरावांनी वाकून डोळा लावला.

काहीच नव्हतं. राखही नव्हती. आजवर निदान फिकट असं काहीतरी असायचं, ज्यात आठवणीतले तारे मांडता यायचे. आज नुसता काळोख. त्यांनी फोकसची चकती इकडं फिरवली, तिकडं फिरवली. काळोख हलला नाही. गेला, त्यांना वाटलं, उजवा डोळा पुरता गेला. हे असं होणार हे माहीत होतं, पण आजच, या दोघांसमोर व्हावं असं वाटलं नव्हतं.

"काय दिसतंय, काका?"

"चार," ते म्हणाले. आवाज नीट निघाला. "चारही. साफ. हे बी काही कमी नाई. मी त म्हणतो, हेच ठेवून घ्या."

ते सरळ झाले आणि धर्मपालला जागा दिली. धर्मपाल वाकला. बराच वेळ तो तसाच होता.

"काचेवर दव पडलं वाटते," तो शेवटी म्हणाला. खिशातून रुमाल काढत दुर्बिणीच्या तोंडाशी गेला, या दोघांकडं पाठ करून थोडा वेळ उभा राहिला आणि परत आला. "पाह्य आता, अर्पिता."

अर्पितानं पाहिलं. चकती फिरवली. पुन्हा पाहिलं.

"तीन दिसतात. चौथा मला नाही सापडत, काका."

तिनं डोळा चोळला, पुन्हा लावला.

"असेल," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता म्हणजे असणारच. माझीच नजर कच्ची आहे अजून."

हे ती सहज म्हणाली. सदाशिवरावांच्या काळजाला मात्र ते लागलं. काय पाहायचं हे पोरीला त्यांनीच शिकवलं होतं. आज तिचे धडधाकट डोळे तिला खरं सांगत होते आणि ती त्या डोळ्यांनाच खोटं ठरवत होती, यांच्या एका शब्दावर.

आवराआवर सुरू झाली. धाकटी पेटीत ठेवायची तर झाकण मिळेना. अर्पिता मोबाईलच्या उजेडात ढेकळांमध्ये शोधू लागली.

"मीच लावलं होतं, ट्रॅक्टर आला तेव्हा," ती स्वतःशीच बोलत होती. "मग काढलं कोणी?"

"माह्या खिशात हाये," धर्मपाल म्हणाला. त्यानं शर्टाच्या खिशातून झाकण काढलं आणि जवळ उभ्या असलेल्या सदाशिवरावांच्या हातात दिलं. अर्पिता बरं म्हणून पेटीकडं वळली.

सदाशिवरावांनी झाकणाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग दुसरा हात धाकटीच्या नळीवर ठेवला. नळीवर मऊ, कोरडी धूळ होती. दव पडलं असतं तर तिचा चिखल झाला असता. आणि माघ संपत आलेला, ओठ फुटावेत अशी कोरडी हवा. दव कुठून पडणार?

आधी त्यांना आनंद झाला, हे त्यांना स्वतःशी कबूल करावं लागलं. डोळा गेला नव्हता. जेवढा होता तेवढा होता. त्यांनी झाकणाचा काळोख पाहिला होता, आपला नव्हे. मग त्या आनंदाच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट समजली आणि कानाच्या पाळ्या तापल्या. झाकण लावलेल्या दुर्बिणीत त्यांनी चार तारे मोजले होते. धर्मपालनं त्याच दुर्बिणीत पाहिलं होतं.

धर्मपाल खाली बसून बॅटरीपाशी वायर गोळा करत होता. सदाशिवराव त्याच्याशेजारी बसले.

"कवापासून मालूम हाये तुले?"

धर्मपालनं मान वर केली नाही. "दिवाळीपासून. कंडक्टर हावो मी, भाऊ. माणूस पायानं चाचपून पायरी चढते तवा समजते."

"मंग बोलला काहून नाई?"

"तुम्ही नाई बोलले."

पांदणीच्या पलीकडं कुत्रं भुंकलं आणि गप्प झालं. धर्मपालनं वायरला गाठ मारली नाही. तशीच हातात धरून बसला.

"काका," अर्पितानं पेटीजवळून विचारलं, "मग उद्या मोठी परत पाठवायची ना? सकाळीच दुकानात फोन करून सांगते."

सदाशिवराव उठले. तिच्यापर्यंत चालत गेले; ढेकळं होती, पण आज त्यांनी चाचपत चालताना ते लपवायचा प्रयत्न केला नाही.

"तुले किती दिसले त्याच्यात?"

"तीन. पण तुम्ही तर..."

"तीन दिसले त तीनच. तुही नजर कच्ची नाई."

"मग चौथा?"

त्यांनी हात पुढं केला. तळव्यावर झाकण होतं.

"मले हे दिसलं," ते म्हणाले.

अर्पितानं झाकणाकडं पाहिलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडं. तिला समजायला थोडा वेळ लागला. तिनं त्यांच्या हातातून झाकण घेतलं, धाकटीला लावलं आणि पेटी बंद केली.

"मोठी ठेवा," सदाशिवराव म्हणाले. "रोहिणी-व्याध तू लावत जाय. अजून मृग वर हाये. लाव एकदा."

धर्मपालनं न सांगता चिमटे पुन्हा बॅटरीला जोडले. मोटर घरघरली. अर्पितानं एक तारा आणला, दुसरा आणला, बटण दाबलं. दुर्बीण वळून थांबल्यावर ती सवयीनं बाजूला झाली आणि त्यांची वाट पाहू लागली.

सदाशिवराव जागचे हलले नाहीत.

"तू पाह्य," ते म्हणाले. मग गळा साफ करून, नेहमीच्या आवाजात सांगू लागले, "चार दिसतीन. त्याइले सोड. त्यातल्या दोघाइच्या मधात, थोडा बाहीरच्या अंगाले, एक बारीक पाचवा हाये. मले दिसलता एकदा. घाई करू नको. डोया स्थिर ठेव."

अर्पिता वाकली.

"दिसला त दिसला म्हण," सदाशिवराव म्हणाले. "नाई दिसला त नाई म्हण."

ती पाहत होती, आणि ते दोघं तिच्या दोन बाजूंना उभे राहून वाट पाहत होते.